बोंडं पिकली की

परदेशातल्या मराठी माणसांत कुणी कशासाठी हळहळावं याचे दर ठरलेले असतात. हापूसला सगळ्यात वरचा भाव. त्याखालोखाल समुद्र, मग पुण्याची थंडी, मग नागपूरची संत्री. आणि मुंबईकर तर आपली गर्दीसुद्धा चढ्या भावाने विकून दाखवतो. अमेरिकेतल्या रेडमंडच्या मंडळात कोजागिरीला मसाला दूध झालं की माइक फिरायचा आणि ज्याचा त्याचा माल बाजारात यायचा. राजाराम पाटकर आपल्या देवगडकडच्या खाडीवर बोलायला लागले की पुढच्या रांगेतल्या बायका ओढणीने डोळे टिपत. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, सुमित्राकाकूंकडे माइक आला, की त्या हसून तो पुढे सरकवत. त्यांच्याकडे माल नव्हता असं नाही. त्याला गिऱ्हाईक नव्हतं, इतकंच.

सुमित्राकाकू माणदेशातल्या. दहिवडीच्या पुढे, माळावरची एक वाडी. पाऊस तिकडे पाहुण्यासारखा यायचा, आणि तोही चहा न घेता जाणाऱ्या. काकूंना आठवण यायची ती त्या कोरडेपणाची. उपासमारीची नव्हे, ती त्यांनी पोटभर पाहिली होती आणि तिच्यासाठी कुणी हळहळत नाही. आठवण यायची ती कुठेच न अडणाऱ्या नजरेची. तापलेल्या मातीच्या वासाची, भर दुपारी होला पाखराच्या घुमण्याची, दोरीवरून काढताना कडकड वाजणाऱ्या लुगड्याची, आणि बांधावरच्या फड्या निवडुंगाची. त्याची लाल बोंडं पिकली की पोरं ती मातीत घोळवून वरची कुसं घालवायची आणि दिवसभर रंगलेल्या तोंडाने वाडीभर हिंडायची. पण दुष्काळी मुलखाची आठवण येते असं माइकवर सांगणं म्हणजे टायफॉइडची आठवण येते म्हणण्यासारखं. लोक काळजीने बघतील आणि डबा आणून देतील.

त्यात नशिबाला आलं रेडमंड. छपरावर शेवाळ, अंगणातल्या खुर्च्यांवर शेवाळ, गाडी चार दिवस हलवली नाही तर आरशाच्या कडेलाही हिरवी किनार. दर ऑक्टोबरला पहिली झड लागली की राजारामकाका खिडकीत उभे राहून म्हणायचे, "अगदी आमचं कोकण." हे वाक्य तीस वर्षांत इतकं वापरलं होतं की त्यालाही शेवाळ धरलं होतं. काकू ड्रायरमधून कपडे काढत "हो ना" म्हणायच्या. ड्रायरचा कपडा वाळतो, पण वाजत नाही. हे मात्र त्या कुणाला सांगत नसत.

माहेर होतं तोवर दोन-तीन वर्षांनी का होईना, एक फेरी व्हायची. मग भाऊ गेला. त्याचा मुलगा वेदांत शेती बघायला लागला, आणि त्याच सुमाराला माणदेशात उपसा योजनेचं पाणी आलं. वेदांतने फोनवर फोटो पाठवला. कालवा, कालव्याकाठी ऊस, उसापुढे तो स्वतः, बोटं विजयाची. खाली लिहिलं होतं, "आत्या, आपला माळ ओळखू येतोय का?"

काकूंनी "खूप छान" लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचा भाऊ ह्याच पाण्याची वाट बघत गेला होता. त्यांनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. मग दोन बोटांनी तो फोटो मोठा करून, इकडून तिकडे सरकवून, त्या बराच वेळ निवडुंगाचा बांध शोधत बसल्या. बांध नव्हता. विचारलं तेव्हा वेदांतने सांगितलं, जेसीबीने एका दिवसात काढला, कशाला पाहिजे होतं ते काटेरी. जर्सी सिटीतल्या मुलाला, सौमित्रला, त्यांनी फोनवर कधी नव्हे ते थोडं सांगून पाहिलं. तो प्रेमाने म्हणाला, "बट मॉम, दॅट्स गुड न्यूज, राइट?" राइटच होतं. तिथेच तर अडचण होती. ज्याचं वाईट झालं त्याच्यासाठी रडता येतं. ज्याचं भलं झालं त्याच्यासाठी कसं रडणार?

अशा वेळी राजारामकाकांच्या निवृत्तीची तारीख ठरली. घर विकायचं आणि शेजारच्या बेलव्ह्यूला फ्लॅट घ्यायचा, असं त्यांनी पक्कं केलं. नवव्या मजल्यावर, खाली लायब्ररी, समोर तळं, आणि ओळखीची पाच-सहा मराठी बिऱ्हाडं त्याच इमारतीत. म्हणजे खाडीवरचं भाषण ऐकायला श्रोते लिफ्टने खाली येणार. कागद तयार होते, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सह्या करायच्या होत्या.

"तुला चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

काकूंचं 'चालेल' हे त्या संसारातलं सगळ्यात खपलेलं नाणं. इतकं हाताळलेलं की त्याच्यावरचा छापा कधीच पुसला गेला होता, आणि काका ते न बघताच खिशात टाकत. काकूंनाही ते सोयीचं पडे. न मागणाऱ्याला नकार मिळत नाही, हा त्यांचा जुना व्यवहार. त्यात तोटा एवढाच, की होकारही मिळत नाही.

तेवढ्यात अहिल्याचा फोन आला. संजय आणि अहिल्या हे त्यांचे रेडमंडचे जुने शेजारी. तीन वर्षांपूर्वी उठून ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या चँडलरला गेले. जो गाव बदलतो त्याला निम्मं गाव आपल्यामागे आणल्याशिवाय झोप लागत नाही. संजयने काकांना कितीतरी घरांचे दुवे पाठवले होते. आता लेबर डेची सुट्टी आणि गौरी एकत्र आल्या होत्या. या की चार दिवस, अहिल्या म्हणाली, गौरी जेवून जा. काका म्हणाले, तिकडे या दिवसांत भाजून निघतं. काकू म्हणाल्या, "जाऊ या." त्या 'चालेल' म्हणाल्या नाहीत हे काकांच्या लक्षात आलं नाही.

विमानात काकूंनी खिडकी मागून घेतली. उतरताना खाली तपकिरी जमीन दिसली. उघडी, सुरकुतलेली, आपलं काहीच न झाकणारी. पुढ्यातलं बिस्किट त्यांनी तसंच पर्समध्ये टाकलं.

आणि मग दोन दिवस त्या वाळवंटाचा त्यांच्या पायाला स्पर्श म्हणून झाला नाही.

विमानतळाच्या गारव्यातून संजयच्या गाडीच्या गारव्यात, गाडी गॅरेजात, गॅरेजातून दार थेट दिवाणखान्यात. तिथून देवळात, देवळातून इंडियन दुकानात, दुकानातून कुणाच्या तरी गणपतीला. सगळीकडे असा गारठा की काकूंनी शाल काढली. वाळवंटात शाल. संजय अभिमानाने सांगत होता, "वहिनी, डेझर्टचं अजिबात टेन्शन घेऊ नका. इथे डेझर्ट लागतच नाही." त्याने मागे हिरवळ लावली होती, तिला रोज पाणी. मधोमध पोहण्याचा निळा तलाव, कडेने ताडाची झाडं, तीही बाहेरून आणून लावलेली. काकूंच्या मनात आलं, माणसं इथे कोरड्या हवेसाठी येतात आणि आल्या आल्या ओलावा विकत घेतात. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. कुंपणाच्या भिंतीपलीकडे टेकडीचा एक उघडा तुकडा दिसत होता. त्यांनी काचेवर तळवा टेकवला. काच तेवढी तापलेली होती.

रात्री जेवताना संजय आणि काका फ्लॅट की चँडलर असा वाद घालत बसले. संजयकडे टॅक्सचे मुद्दे होते, काकांकडे पावसाचे. बेलव्ह्यूला हॉस्पिटल जवळ, चँडलरला गुडघे दुखत नाहीत. दोघं एकमेकांचे मुद्दे खोडत होते आणि दोघंही मधून मधून काकूंकडे बघून "काय वहिनी?" आणि "काय सुमित्रा?" म्हणत होते, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात होते. अहिल्या पोळी वाढताना एकदा थांबली. तिने काकूंकडे बघितलं, आणि पुढची पोळी वाढली.

अहिल्या अलिबागकडची. तिच्याकडे गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावर जायचं, विषम संख्येने खडे वेचायचे, तबकात घ्यायचे, तिथेच तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि मागे न बघता, कुणाशी न बोलता घरी यायचं. खडे देवापाशी बसले की मगच चूळ टाकायची. घरची लेक किंवा सवाष्ण हे करते. अहिल्याची लेक कॉलेजात, अहिल्याचा गुडघा फिरलेला. तेव्हा चँडलरला आल्यापासून गौरी यायच्या त्या बागेच्या सामानाच्या दुकानातल्या पिशवीतून, धुऊन पॉलिश केलेल्या. अहिल्या त्यांना तलावाच्या कडेला नेऊन तिथून परत आणायची. तेवढंच पावलांचं समाधान.

आवाहनाच्या सकाळी तिने पिशवीची कात्री शोधायला घेतली तेव्हा काकू म्हणाल्या, "मी आणते की खडे. बाहेरून."

संजयने फोनवर उष्णतामान दाखवलं. मग रॅटलस्नेकबद्दल सांगितलं, विंचवांबद्दल सांगितलं, आणि जायचंच असेल तर मी गाडीने सोडतो, एसी लावून बसतो, म्हणाला.

"गौर काय गाडीत बसवून आणायची?" अहिल्या म्हणाली. "जाऊ दे त्यांना."

काका म्हणाले, मी येतो सोबत. पण गौरीच्या वाटेवर पुरुषाचं काम नाही, असं अहिल्याने सांगितल्यावर ते बसले. त्यांच्या चेहऱ्यावर पाणी बंद करायला विसरलेल्या माणसाची चुळबूळ होती.

काकू निघाल्या. अंगावर जुनी सुती साडी, डोक्यावर संजयची गोल्फची टोपी, हातात तबक आणि पाण्याची बाटली. दार उघडल्यावर ऊन अंगावर आलं, जुनी मैत्रीण येते तसं, न विचारता. त्या वसाहतीच्या भिंतीच्या कडेकडेने चालत राहिल्या. शेवटच्या घराला वळसा घातल्यावर हिरवळ संपली, डांबर संपलं आणि खाली एक रुंद, वाळूचा कोरडा ओढा लागला. इथले लोक त्याला वॉश म्हणतात. पाण्याचा थेंब नव्हता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, हा कसला पाणवठा. पण माणदेशच्या लेकीला ओढा कोरडाच ओळखू येतो.

त्यांनी चपला काढल्या. सकाळची वाळू नुकती तापायला लागली होती. चटका म्हणावा इतका नाही, पण पाय कुठे आहेत हे कळावं इतका. कुठून तरी होला घुमला. होलाच तो, किंवा त्याचा इथला चुलतभाऊ. सूर जरा वेगळा, पण गाऱ्हाणं तेच. काकू खडे वेचायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग खाली बसल्या. रेडमंडमध्ये त्या खालच्या ओलीची भीती न बाळगता जमिनीवर कधी बसल्या होत्या, आठवेना. समोर नजर जायची ती थेट टेकड्यांपर्यंत. मध्ये तिला कुणी 'थांब' म्हणत नव्हतं.

बरंच बसणं झालं. मग त्यांनी खडे तबकात घेतले, चपला घातल्या, चूळ भरली, आणि नेमाप्रमाणे मागे न बघता निघाल्या. मागे बघायचं नाही, हे पहिल्यांदाच जड गेलं.

येताना वाट चुकली म्हणा, की पायांनी चुकवली म्हणा. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या, बसक्या घरापाशी निघाल्या. वसाहत व्हायच्या आधीचं घर. पुढे अंगणात माती, आणि त्या मातीत पुरुषभर उंचीचा फड्या निवडुंग. फड्यावर फडा, आणि प्रत्येक फड्याच्या कडेला लाल, गच्च पिकलेली बोंडं.

एक म्हातारी बाई लांब चिमट्याने ती तोडून बादलीत टाकत होती. तिने काकूंकडे बघून इंग्रजीत गुड मॉर्निंग केलं. काकूंनी मान हलवली. गाल फुगलेले. ती म्हणाली, ऊन फार आहे, पाणी हवं का? काकूंनी मान नकारार्थी हलवली. पाणी तर तोंडात होतंच. बाई चिमटा टाकून जवळ आली. साडी, गोल्फची टोपी, तबकात दगड, आणि तोंडातून शब्द नाही. उन्हाने माणसं अशी होतात हे तिने पाहिलं होतं. तिने काकूंचा दंड धरला आणि बोलता येतंय का, नाव आठवतंय का, असं हळूहळू विचारायला लागली.

काकूंनी एकदा तबकातल्या गौरीकडे पाहिलं, एकदा बोंडांकडे. इतकी वर्षं जिने न बोलता सगळं निभावलं, त्या बाईने नेमाच्या बाजूला काय ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात काय ठेवलं कोण जाणे. त्यांनी पाणी गिळलं.

"हे आमच्या गावचं आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

बाईचं नाव ग्रासिएला. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. न कळणाऱ्या उत्तरांची तिला सवय होती. तिने विचारलं, तुमचं गाव कुठलं? काकू म्हणाल्या, सातारा. ग्रासिएलाला ते मेक्सिकोतच कुठेतरी वाटलं आणि तिची पहिली अर्धी चिंता मिटली. मग भारत म्हटल्यावर ती परत सुरू झाली. काकूंनी समजावून सांगितलं, आमच्या बांधावर हेच होतं, माझ्या आजीच्या आजीपासून. तुम्हाला कुणी आणून दिलं? आपल्याकडचे लोक काय काय आणतात, कढीपत्ता आणतात, आंब्याची कलमं आणतात, तसं कुणी आणलं असेल, असं त्या मनाशी धरून चालल्या होत्या. हा खुलासा माणदेशी माणसालाच सुचावा.

ग्रासिएला पोट धरून हसली. "कुणी नाही आणलं. मी इथली, माझी आजी इथली, आणि हे आमच्याही आधी इथलं. तुमच्याकडे असलं, तर ते इथूनच गेलं असणार, बाई. कुणीतरी जहाजात घालून नेलं असणार."

काकूंना हे पटलं नाही. मग पटलं. पटलं तशा त्या निवडुंगाकडे नव्याने बघायला लागल्या. म्हणजे हे तिकडचं नव्हतंच. हे तिकडे दिलेलं. समुद्रापार, ओळख ना पाळख, नेऊन माळावर लावलं, आणि ते बोललं नाही. रुजलं. पोरांची तोंडं लाल केली. बांध राखला. आणि ह्या इतक्या काळात त्याला न्यायला इकडून एक मुऱ्हाळी गेला नाही. सासरी दिलेल्या लेकीला सणावाराला माहेरचा माणूस आणायला जातो, भाऊ नाहीतर पुतण्या. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. काकूंचा भाऊ यायचा, देवगडपर्यंत एसटीने, बरोबर भाकरी बांधून. अमेरिकेपर्यंत कोण येणार होतं?

ग्रासिएलाने चिमटा पुढे केला. काकूंनी तो बाजूला सारला. चिमट्याने बोंडं तोडतात का? त्यांनी पदर हाताला गुंडाळून एक बोंड पिरगाळलं, मातीत टाकलं, पायताणाने पुढे-मागे घोळवलं, उचललं, नखाने चीर दिली आणि तोंडात घातलं. हात काही विसरले नव्हते. कातडी विसरली होती. तीस वर्षांच्या मऊ बोटांत बारीक कुसं सपासप शिरली. काकूंनी ते नंतर बघायचं ठरवलं. गोड, बियाळ, कोमट. ग्रासिएला म्हणाली, कसं लागतंय? काकूंनी आणखी एक तोडलं. उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं.

निघताना त्यांनी ग्रासिएलाच्या नळावर पुन्हा चूळ भरली. मोडलेला नेम मध्येच उचलून पुढे नेता येतो का, हे शास्त्रात नसेल. पण गौर लेक आहे. लेकीला माहेरच्या बोंडांपाशी थांबल्याचा राग यायचं कारण काय, असा काकूंनी निकाल दिला आणि निघाल्या.

दारात सगळे उभे होते, कारण एव्हाना बराच उशीर झाला होता. अहिल्याच्या हातात भाकरतुकडा, संजयच्या हातात फोन, काकांच्या हातात गाडीची किल्ली. काकू वळणावर दिसल्या. ओठ लाल, हनुवटीवर लाल ओघळ, पदर लाल, हात लाल.

"रक्त," संजय म्हणाला आणि इमर्जन्सीचा नंबर लावायला लागला. काका धावले. ते कधी धावत नसत. चालतानासुद्धा विचारपूर्वक चालत. "सुमित्रा, काय झालं? पडलीस? चावलं काही?" काकूंनी मान हलवून नाही म्हटलं. "मग बोल ना." काकूंनी फुगलेल्या गालांकडे बोट दाखवलं, मग तबकाकडे, मग घरात. अहिल्याला आधी कळलं. तिने संजयच्या हातातला फोन काढून घेतला, काकूंच्या पायावर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गौर कशाच्या पावलांनी आली असं विचारलं. उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून तिनेच दिलं, सोन्याच्या. काकू तशाच घरभर फिरल्या. काका मागे मागे. खडे देवापाशी बसले. मगच काकूंनी तुळशीच्या कुंडीत चूळ टाकली. तीही गुलाबी.

"निवडुंगाची बोंडं खाल्ली," त्या म्हणाल्या. "रक्त नाही."

संजय हसायला लागला. काका हसले नाहीत. ते खुर्ची ओढून समोर बसले. मघाशी पायऱ्यांवर धावताना त्यांना काय दिसलं असेल ते असो; पण तीस वर्षांत पहिल्यांदाच ते एक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होते.

"काय झालंय तुला?"

काकूंनी पदराने हनुवटी पुसली. ती आणखी रंगली.

"मला दुष्काळाची आठवण येते," त्या म्हणाल्या. "गावाला पाणी आलं, चांगलं झालं. पण माझं गाव गेलं त्यात. आणि तुमच्या पावसात मी तीस वर्षं वाळत घातल्यासारखी आहे. वाळतच नाही."

मग संजय, भला माणूस, पण संधी दिसली की ज्याला राहवत नाही, तो म्हणाला, "मग वहिनी, मी काय म्हणत होतो? चँडलर. इथेच या. मागच्या गल्लीत एक घर निघालंय."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "घेऊ या?" ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले. नववा मजला, तळं, लायब्ररी आणि हक्काचे श्रोते, सगळं एका शब्दात बाजूला ठेवून. काकूंना ते कळलं. मागितलं असतं तर मिळालं असतं, हे इतक्या उशिरा कळणं हेही एक कुसच.

त्यांनी खिडकीतून हिरवळीवर उडणारे पाण्याचे फवारे बघितले.

"नाही," त्या म्हणाल्या. "माहेरी राहायचं नसतं. माहेरी जायचं असतं. ह्या बघा की," त्यांनी खड्यांकडे मान वळवली, "तीन दिवस येतात, जेवतात, जातात. राहिल्या तर कोण ओवाळेल? तुम्ही बेलव्ह्यूवर सही करा. पण दरवर्षी बोंडं पिकली की मला इथं आणायचं. ह्या गारठ्यात नाही. त्या ओढ्यापाशी, ग्रासिएला म्हणून बाई आहे, तिच्याकडं मी बोलून आलेय. मला न्यायला माणूस राहिला नाही. मुऱ्हाळी तुम्ही व्हायचं."

शेवटी शेवटी त्यांच्या बोलण्यात 'कडं' आणि 'इथं' येऊन बसले होते, कधीच पुसले गेलेले. काकांनी ते ऐकलं. कोकणातला माणूस, गहिवर आला तरी आधी तो चणे-फुटाण्यासारखा खिशात टाकतो.

"मुऱ्हाळ्याला जेवायला काय?" ते म्हणाले.

काकूंनी पदराची गाठ सोडली आणि एक बोंड त्यांच्या हातावर ठेवलं. काकांनी ते न घोळवलेलं, तसंच धरलं, आणि लगेच त्यांना कळलं.

रेडमंडला परत आल्यावर काही दिवसांनी, यंदा जरा लवकरच, पाऊस लागला. फ्लॅटवर सही झाली होती, खोकी भरायला घेतली होती. एका दुपारी काका स्वयंपाकघराच्या टेबलाशी, चष्म्यावर चष्मा लावून, छोट्या चिमट्याने काकूंच्या बोटांतली कुसं काढत बसले. त्यांच्या हातातली काकूंनी केव्हाच काढून दिली होती. कुसं दिसत नाहीत, नुसती लागतात. काका बोट उजेडात फिरवत, "इथे? का इथे?" विचारत आणि उत्तराला थांबत. ही नवी सवय होती, अजून हाताला न बसलेली.

मध्येच त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी फोन काढून कॅलेंडरमध्ये ऑगस्टअखेर गाठली.

"काय लिहिताय?"

"बोंडं. दरवर्षीचं लावतोय." ते जरा थांबले. "कधीपर्यंत, विचारतंय."

"मग?"

"रिकामं ठेवलं."

काकूंनी हात पुन्हा पुढे केला. काकांनी फोन ठेवला, पुन्हा चिमटा उचलला. खिडकीबाहेर खुर्च्यांवर शेवाळ नव्याने हिरवं झालं होतं. सवयीने त्यांनी तिकडे बघून तोंड उघडलं, 'अगदी आमचं' इथपर्यंत आले, आणि बायकोकडे बघून उरलेलं गिळलं.

"राहिलं का एखादं?" त्यांनी विचारलं.

अंगठ्याच्या आतल्या बाजूला एक होतं, खोल. काकूंनी तिथे तर्जनीने हलकेच दाबून पाहिलं. बारीक, कोरडी, गरम कळ आली.

"नाही," त्या म्हणाल्या. "झालं."